चेबोनं दुर्बीण उतरवली

आधीच सांगून ठेवते, हे मी रागानं सांगतेय. माझ्या हॉटेलात सकाळी अंडी-बिस्किटं खायला येणारे अर्धे लोक हल्ली मान खाली घालून खातात, आणि त्यांनी तशीच खावी. "ट्वायला, झालं गेलं, आता सोड," म्हणतात. का सोडू? तुमच्या बापाचं झालं असतं म्हणजे कळलं असतं. पण मला फक्त माझ्या बापाबद्दल सांगायचं नाहीये. मला चेबोबद्दल सांगायचंय. या टॉलिव्हर गावात ज्याला वर्षभर कुत्रं विचारत नाही, अशा माणसाबद्दल कोणीतरी नीट बोलायला हवं ना?

चेबो म्हणजे एउसेबियो ओर्तेगा. ठेंगणा, पोट जरा सुटलेलं, मिशी एका बाजूनं नेहमी वाकडी कापलेली. कापसाच्या हंगामात जिनिंगमधली मशीनं दुरुस्त करतो, बाकीच्या दिवसांत गेट आणि कुंपणं वेल्ड करतो, आणि रात्री रानडुकरं मारतो. हौस म्हणून नाही हो. आमच्याकडे भुईमूग पेरला की त्याच रात्री डुकरांची टोळी येते आणि पेरलेल्या ओळीवरून नाक लावून चालत जाते. दाणा न् दाणा खाते. सकाळी शेतकरी येतो तर ओळ सरळच्या सरळ उकरलेली असते, जणू कोणी मुद्दाम नांगर धरलाय. मग रात्री चेबो जेवायला बसला की फोन. "चेबो, आलीत रे. येतोस का?" हा ताटावरून उठतो. बायको ग्रासिएला ओरडते, "डुकरांशीच लग्न करायचं होतं मग!" हा हसतो आणि निघतो. मारलेल्या डुकराचं मांस अर्ध्या गावात वाटतो, आणि डिसेंबरात ग्रासिएला त्याचेच तमाले करते, मक्याच्या पिठात मांस भरून वाफवलेले. ते तमाले खाताना मात्र कोणाला चेबोचा वास येत नाही.

देवमाणूस वगैरे म्हणणार नाही मी त्याला. डोमिनो खेळताना लबाडी करतो. माझ्या समोर, माझ्याच टेबलावर, बाहीत सोंगटी सरकवतो आणि पकडला की म्हणतो, "मिस ट्वायला, चष्मा बदला." एखादी गोष्ट मनावर घेतली की ऐकत नाही, आणि नाकातल्या नाकात सतत काहीतरी गुणगुणतो. डोकं उठतं माझं.

त्याची एकच चैन होती. बंदुकीवर बसवायची थर्मल दुर्बीण. काळोखात उष्णता दाखवते ती. गरम ते पांढरं, गार ते काळं. डुक्कर असो, कायोटी म्हणजे आमच्याकडचा कोल्हा असो, पांढरं फटक दिसतं. त्या दुर्बिणीसाठी चेबोनं किती हंगाम जास्तीचं काम केलं ते त्यालाच माहीत. आणि नवी दुर्बीण घेऊन पहिल्याच रात्री हा गडी पोटावर सरपटत, श्वास रोखून, गेला कुठे? तर दिवसभर उन्हात तापलेल्या एका धोंड्यापाशी, आणि गोळीही घातली त्याला! बरोबर त्याचा मेहुणा लालो होता, त्यानं दुसऱ्या दिवशी गावभर केलं. तेव्हापासून जिनिंगमध्ये त्याला 'धोंडेमार' म्हणतात. चेबोला त्याचं काही वाटलं नाही. पण तेव्हापासून तो पांढरं दिसलं की गोळी घालत नाही. पाय कसे हलतात, मान कुठे आहे, ते बघत बसतो. लालोचा जीव जातो. "अरे मेहुण्या, लग्नाची बोलणी करतोस का त्याच्याशी? मार की!"

आता बाबांचं. ऑर्वल मेब्री. आयुष्यभर गुरं पाळली. आई गेल्यावर रान विकलं, फक्त घर आणि परस ठेवलं. डॅलसच्या कोणा माणसानं घेतलं ते रान. त्यानं गुरं वगैरे काही ठेवली नाहीत, शिकाऱ्यांना भाड्यानं देतो. बाबांची आठवण हळूहळू गेली. माझं नाव गेलं, आईचं गेलं, पण गुरं गेली नाहीत. थंडीत हौदावर बर्फ धरतो ना, तो रोज सकाळी कुऱ्हाडीनं फोडावा लागतो, नाहीतर गुरं तहानेनं मरतात. ते त्यांच्या हाडात बसलेलं होतं. गारठा पडला की उठायचे. "बर्फ फोडला का कोणी?" मी म्हणायची, "फोडला बाबा." मग गप्प बसायचे. मी कुऱ्हाड लपवून ठेवली होती शेडच्या मागे, जुन्या टायरांखाली.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळपासून वारा होता, उत्तरेचा, हाडं फोडणारा. जेवल्यावर बाबा खुर्चीत झोपले होते. मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते, वाऱ्यानं उडत होते म्हणून. आत आले तर खुर्ची रिकामी. टोपी नाही. धावत शेडच्या मागे गेले. टायर बाजूला केलेले, कुऱ्हाड नाही.

कुठे गेले हे मला लगेच कळलं. पण कुठल्या हौदावर? त्या रानात हौद इकडे एक, तिकडे एक, मधे मेस्कीटच्या काटेरी झुडपांचं जंगल. हाका मारून घसा बसला. शेरीफची माणसं आली. दिवस मावळेपर्यंत रस्त्यांवरून गाड्या फिरवल्या, कुंपणावरून दिवे मारले. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नाही. उजाडल्यावर बघू." उजाडल्यावर! माझा बाप अंगात एक सदरा आणि डेनिमचं जाकीट घालून गेला होता. उजाडेपर्यंत त्याचं काय राहणार होतं?

तेव्हा मला आठवलं, अगं, आज तर स्पर्धा आहे!

आमच्या गावात जानेवारीत कायोटी मारायची मोठी स्पर्धा असते. शुक्रवारी संध्याकाळी नाव नोंदवायचं, रविवारी सकाळपर्यंत जो गट जास्त कायोटी आणील त्याला बक्षीस. बक्षीस एवढं मोठं की लोक लबाडी करतात, म्हणून जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या मशीनपुढे बसवतात. हातापायाला तारा लावून विचारतात, वेळेआधी मारलीस का, दुसऱ्याकडून विकत घेतलीस का. त्या संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलबाहेर शंभर तरी पिकअप उभ्या होत्या, आणि एकेका पिकअपमध्ये तीन-तीन थर्मल दुर्बिणी. छपरावर एक, बंदुकीवर एक, हातात एक. काळोखात गरम शरीर शोधणारी सगळी यंत्रं एका जागी गोळा झालेली, आणि माझा बाप काळोखात गरम शरीर घेऊन कुठेतरी पडलेला. मला वाटलं, देवानंच ही माणसं आणली. कप्पाळ!

मी सरळ गार्लंड फिस्ककडे गेले. गार्लंड म्हणजे स्पर्धेचा कर्ताधर्ता. रोज सकाळी माझ्याकडे कॉफी पितो, बाबांच्या हाताखाली लहानपणी गुरं हाकलेली त्यानं. मी म्हटलं, "गार्लंड, स्पर्धा एक रात्र थांबव. सगळ्यांना रानात लाव."

"ट्वायला," तो म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "लोक चार राज्यांतून आलेत गं. मी कसं थांबवू? पण मी घोषणा करतो."

केली की घोषणा! नियम वाचून झाले, बक्षिसं सांगून झाली, रविवारी नाश्ता कोण देणार ते सांगून झालं, म्हणजे मीच, आणि मग शेवटी, "आणि हो, मंडळी, म्हातारे ऑर्वल मेब्री हरवलेत, तिकडच्या रानात कुठेतरी. जाता-येता लक्ष ठेवा." सगळ्यांनी माना हलवल्या. टोप्या काढल्या काहींनी. सगळ्यांनी ऐकलं हे लक्षात ठेवा. सगळ्यांनी.

मी पार्किंगमध्ये गाडी-गाडीपाशी गेले. राउडी टीग म्हणून एक आहे, दरवर्षी पहिल्या तिघांत असतो, नवी कोरी पिकअप, छपरावर फिरता कॅमेरा, आत टीव्हीएवढा पडदा. त्याला म्हटलं, "राउडी, तुझी ती हातातली दुर्बीण दे रे रात्रभर. गाडीवर आहेच ना दुसरी."

"मॅडम, दिली असती," तो म्हणाला. "पण ती दिली तर एका बाजूनं आम्ही आंधळे होतो. तुम्ही काळजी नका करू. आम्ही त्याच बाजूला चाललोय, डोळे उघडे ठेवू."

दुसऱ्यानं सांगितलं, गटातला एक माणूस जरी गाडी सोडून गेला तर अख्खा गट बाद होतो. तिसरा म्हणाला, शेरीफचं काम शेरीफनं करावं. चौथ्यानं काच वर केली. तोंडावर! मी त्या काचेवर थाप मारली आणि तोंडाला येईल ते बोलले, ते इथे लिहीत नाही.

चेबोची गाडी सगळ्यांत शेवटी उभी होती. जुनी, एक दिवा फुटलेला. त्या वर्षी तो आणि लालो पहिल्यांदाच स्पर्धेत उतरले होते. लालोनं तर नव्या टोप्या शिवून घेतल्या होत्या दोघांना. मी चेबोकडे गेलेच नव्हते, खरं सांगायचं तर. त्याच्याकडे एकच दुर्बीण, तीही बंदुकीवर. काय मागणार? पण त्यानं मला काचेवर थापा मारताना बघितलं होतं. मी वळले तर हा गाडीच्या मागच्या फळीवर बंदूक आडवी ठेवून, खिशातून ॲलन की काढून, दुर्बिणीचे स्क्रू सोडवत होता.

"अरे ए! ए मेहुण्या! काय करतोस?" लालो धावत आला. "वेडा झालास का? नेम बसवायला अख्खा शनिवार घातलाय आपण! उतरवलीस तर परत कुठे बसेल गोळी, तुझ्या काकाच्या घरात?"

"माहीत आहे," चेबो म्हणाला, आणि स्क्रू सोडवत राहिला.

"मग उतरवतोस कशाला? गोळ्या काढ, रिकाम्या बंदुकीतून बघ!"

"म्हणजे मिस्टर ऑर्वल दिसतील तेव्हा माझी बंदूक त्यांच्या छातीवर असेल. नाही बाबा."

"रिकामी रे! रिकामी!"

"नाही."

लालोनं नवी टोपी काढून जमिनीवर आपटली. तिच्यावर पाय दिला. "दगड मारण्यातच तुझं आयुष्य जाणार आहे! धोंडेमार कुठला! वर्षभर कशाला घासलं मग आपण? बहिणीला सांगतो मी, तुझा नवरा कामातून गेला म्हणून!"

"सांग. आणि तिला सांग, उशीर होईल." चेबोनं दुर्बीण बंदुकीवरून उचलली, खिशातल्या रुमालानं काच पुसली आणि माझ्याकडे बघितलं. "चला, मिस ट्वायला. कुठल्या कुंपणापासून सुरू करायचं?"

त्याच वेळी स्पर्धेचा भोंगा वाजला. शंभर गाड्या धुरळा उडवत निघाल्या. चेबोच्या नावावर गार्लंडनं तिथल्या तिथे काट मारली.

त्या रात्रीबद्दल फार सांगत नाही. आम्ही चाललो. चेबो ती दुर्बीण टॉर्चसारखी हातात धरून डोळ्याला लावायचा, वळायचा, पुन्हा लावायचा. मला वाटत होतं, एवढं यंत्र आहे, रस्त्यावरूनच दिसतील बाबा. दिसतं डोंबल! संध्याकाळचे दगड गरम, कुंपणाचे खांब गरम, झुडपाझुडपात ससे. चेबो थबकला की मी पुढे धावायची. आणि हौदाच्या पत्र्याच्या पलीकडचं तर काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक हौदाला गोल फेरी घालायची. हरणं उठायची, आम्ही थांबायचो. चेबो गुणगुणत नव्हता. एकदाच म्हणाला, "तुम्ही गाडीत बसा, गारठलात." मी म्हटलं, "तू चाल." मधूनच लांबवर कुठेतरी गोळीचा आवाज यायचा. प्रत्येक गोळीला मी मनात शिवी घालत होते.

पूर्वेला जरा फटफटलं तेव्हा आम्ही दक्षिणेच्या पवनचक्कीच्या हौदापाशी पोचलो. चेबोनं हौदाला फेरी घातली आणि पलीकडून त्याची हाक आली. नुसती माझ्या नावाची. बाबा हौदाला पाठ लावून बसले होते. कुऱ्हाड मांडीवर. हौदावरचा बर्फ फोडलेला होता, आणि त्या फुटलेल्या जागी पुन्हा नवा पापुद्रा धरला होता. बाबांनी काम केलं होतं हो. गुरं नव्हती, पण पाणी मोकळं करून ठेवलं होतं. घोटा मुरगळून सुजला होता, म्हणून परत येता आलं नव्हतं. डोळे उघडे होते, ओठ काळे पडले होते, पण श्वास चालू होता. चेबोनं आपलं जाकीट, सदरा, सगळं काढून त्यांना गुंडाळलं आणि उघड्या अंगानं त्यांना छातीशी धरून बसला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. त्या वाऱ्यात.

दवाखान्यात दुपारी बाबा थोडं बोलले. मी हात धरून बसले होते. म्हणाले, "ससा ओरडत होता."

"कुठला ससा, बाबा?"

"हौदापाशी. किती वेळ ओरडत होता. मी हाक मारली. माझं ऐकूच जात नव्हतं, एवढा ओरडत होता तो." मग म्हणाले, "बिचारा. कोणी आलंच नाही त्याच्याकडे."

रात्री बाबा गेले. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलं होतं, थोडं आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं काही. थोडं आधी!

रविवारी सकाळी चेबो मला न्यायला आला. गाडीत मी बाबांचं ते बोलणं त्याला सांगितलं, सहज, रडता रडता. त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"ससा एवढा वेळ ओरडत नाही, मिस ट्वायला," तो म्हणाला. "एकदा किंचाळतो आणि संपतो."

त्यानं पुढचं बोलायची गरज नव्हती. आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. कायोटीला बोलवायला शिकारी एक लहानसा भोंगा रानात ठेवतात, त्यातून पकडल्या गेलेल्या सशाचं किंचाळणं लावतात, आणि लांब गाडीत बसून दुर्बिणीतून बघत राहतात. म्हणजे कोणीतरी तिथे बसलं होतं. माझा बाप हाका मारत असताना त्याच्या शेजारी भोंगा ठेवून कोणीतरी बसलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "हॉलवर चल."

हॉलमध्ये बाहेर कायोटी ओळीनं टांगलेले, आत जत्रा. माझेच कॉफीचे मोठे डबे टेबलावर, माझीच बिस्किटं लोक खातायत. मी नव्हते तर हॉटेलातल्या मुलींनी आणून दिलं होतं सगळं. राउडी टीगचा गट पहिला आला होता. मशीनवर बसून झालं होतं, आता बक्षिसाआधी त्यांच्या दुर्बिणीतलं चित्रीकरण भिंतीवर लावलेलं. काळी रात्र, त्यात पांढरे कायोटी पळत येतायत, गोळी, एक पडला. लोक ओरडले, "हो!" दुसरा पडला. "हो!"

आणि चित्राच्या कडेला एक गोल काळा हौद. त्याच्या बाजूला एक पांढरं गाठोडं. मी आणि चेबो दारात उभे. ते गाठोडं हललं. त्यातून एक हात वर आला. हळूहळू वर आला, राहिला, खाली गेला. तिसरा कायोटी पडला. "हो!"

मी जाऊन भिंतीतली वायर उपटली.

"हा माझा बाप आहे!" मी ओरडले. "हा माझा बाप आहे, राउडी! तू बघत होतास! भोंगा लावून बघत बसला होतास!"

राउडी उठला. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारत नाही. "मॅडम, आईशप्पथ," तो म्हणाला, "आम्हाला वाटलं वासरू बसलंय."

चेबो कधी चारचौघांत बोलत नाही. तेव्हा बोलला. "राउडी, ते रान तू भाड्यानं घेतलंयस ना?"

"हो."

"तिथे गुरं आहेत?"

राउडीनं गार्लंडकडे बघितलं.

"एक तरी गाय आहे? एक तरी वासरू? किती वर्षं तू तिथे जातोस?" चेबोचा आवाज चढला होता, आणि मी त्याला तसा कधी ऐकलेला नव्हता. "आणि समजा वाटलं वासरू. बसलंय, उठत नाहीये, वाऱ्यात. वासरासाठी तरी गाडीतून उतरायचं होतंस रे!"

राउडी खाली बसला. मग गार्लंड पुढे आला, दोन्ही हात वर करून, मेळाव्यात भांडण सोडवायला येतात तसा. "ट्वायला, ऑर्वल गेल्याचं आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलंय. पण राउडीला सकाळी मशीनवर बसवलंय. विचारलंय त्याला, स्पर्धेचा कुठलाही नियम मोडलास का. तो नाही म्हणाला. मशीन म्हणालं, खरं बोलतोय."

"मग?"

"मग बक्षीस त्याचं आहे. नियमच आहे तसा."

आणि दिलं हो! माझ्यासमोर दिलं. मोठा पुठ्ठ्याचा चेक, फोटो, टाळ्या. टाळ्या जरा कमी वाजल्या, एवढंच. शेरीफ म्हणाला, कायद्यात यातलं काही बसत नाही. पाद्री म्हणाला, क्षमा करावी. मी कॉफीचे डबे उचलले. भरलेले, उकळते. एक मी घेतला, एक चेबोनं घेतला, आणि आम्ही ती कॉफी बाहेर टांगलेल्या कायोटींच्या खाली मातीत ओतून टाकली. लोक रिकामे कप घेऊन दारात उभे. तेवढ्यात लालो गर्दीतून बाहेर आला, माझ्या हातातला डबा घेतला आणि चेबोच्या गाडीत ठेवला. टोपी नव्हती डोक्यावर.

चेबोनं पुढच्या आठवड्यात दुर्बीण परत बसवली. आमच्या परसामागे कागद लावून नेम जुळवत होता, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एक गोळी, मग बराच वेळ काही नाही, मग एक. आता पुन्हा भुईमुगाच्या शेतांवर जातो, डुकरं मारतो, डोमिनोत लबाडी करतो. जिनिंगमध्ये त्याला अजून धोंडेमारच म्हणतात. एकदा एकानं विचारलं, "काय चेबो, बक्षीस हुकलं ना तुझं?" तर हा गोडसं हसला. मी त्या माणसाची बिस्किटं उचलून डुकरांच्या बादलीत टाकली.

परवा गार्लंड आला. पुन्हा जानेवारी आलाय ना. काउंटरवर बसला, मी कॉफी ओतली, कारण पैसे देणाऱ्याला कॉफी द्यावी लागते. शेजारच्या टेबलावर चेबो आणि लालो खेळत होते. गार्लंडनं खिशातून नवा छापील कागद काढला, माझ्यापुढे सरकवला.

"हे बघ," तो म्हणाला. "समितीनं नवा नियम घातलाय. तुझ्या वडिलांच्या नावानं. स्पर्धेच्या वेळात दुर्बिणीत कोणी माणूस अडचणीत दिसला, तर शिकार थांबवायची आणि कळवायचं. नाही कळवलं तर गट बाद. आता मशीन हा पण प्रश्न विचारेल. बरं वाटलं ना तुला?"

माणूस दिसला तर थांबा. हे आमच्या गावात लिहावं लागलं, छापावं लागलं, त्याला नंबर द्यावा लागला. टेबलावर सोंगट्यांचा आवाज बंद झाला होता.

"आणि तो म्हणाला, मला वासरू वाटलं, तर?" मी विचारलं.

गार्लंडनं विचार केला. खरंच केला, तेवढा प्रामाणिक आहे तो. कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

"तर मग मशीन म्हणेल, खरं बोलतोय," तो म्हणाला.

मी त्याच्यापुढचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घालून ठेवला.